नव्व्याण्णव बल्ल्या

"पण सही का करत नाही, एवढं तरी सांगा, नाना."

केरबानाना सुतार रंधा उलटा धरून पात्याची धार अंगठ्याने पाहत राहिले.

डॉक्टर श्रीनिवास हळबे कागद पुढे धरून तसेच उभे.

हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. काँक्रीटच्या शास्त्रातली डॉक्टरेट, आणि पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन म्हाताऱ्यांनी त्यांना गुडघे दाखवले. तिसरी आली तेव्हा समजावून सांगायचा कंटाळा येऊन त्यांनी शेक घ्यायला सांगितलं. तिला म्हणे गुण आला.

गावात वाचनालयाच्या दोन खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा आणि खर्चाचा अंदाज डॉक्टरांनी फुकट करून दिला. सेंट्रिंगही मीच बघतो म्हणाले. स्लॅबचं ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते पेलून धरणाऱ्या फळ्या आणि त्यांच्याखाली उभ्या केलेल्या बल्ल्या, हे सगळं काम त्यांच्याकडे आलं. आणि मग सत्तराव्या वर्षी ते केरबानानांच्या दारात येऊन बसले. आयुष्यभर नुसतं कागदावर केलं, आता हाताने करायला शिकवा म्हणाले.

नाना त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे. शिक्षण चौथी. पहिल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना वाकडे खिळे सरळ करायला दिले. डॉक्टरांनी ते मनापासून केले आणि अंगठा दोनदा चेचून घेतला.

आता हातातल्या कागदावर मागणी होती आणखी एक ट्रक बल्ल्यांची. खरं तर एका ट्रकात दोन्ही खोल्या व्हायच्या. पण तो पहिल्याच खोलीत संपला होता. वाचनालयाच्या कमिटीने सांगून टाकलं होतं, की केरबानानांची सही असेल तर कर्ज काढून दुसरा ट्रक आणू, नाहीतर दुसऱ्या खोलीवर पत्रा. ती खोली लहान मुलांसाठी होती. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली कुणीही बसणार नव्हतं, आणि हे सगळ्यात जास्त डॉक्टरांनाच कळत होतं.

"माझा हिशेब चुकलाय का?"

"हिशेब म्या कुठं बघितलाय?"

"मग बघा ना."

नाना उठले. हातोडी कमरेला खोचली आणि पुढे चालू लागले.

पहिली खोली तयार होती. वर फळ्यांचा सपाट माळा आणि खाली बल्ल्याच बल्ल्या, नव्व्याण्णव. दीड-दीड फुटावर एक, आणि प्रत्येकीच्या बुडाशी घट्ट ठोकलेली पाचर. शिवाय त्या हलू नयेत म्हणून गुडघ्याजवळ आणि छातीजवळ आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. डॉक्टरांनी एकेक बल्ली ओळंब्यात पाहून उभी करवून घेतली होती. दारातून पलीकडची भिंतही दिसत नव्हती.

नानांनी बराच वेळ पाहिलं.

"झ्याक केलंय," ते म्हणाले. "आता आसं करा. मदल्या बल्लीला हात लावून या."

"एवढंच?"

"एवढंच."

डॉक्टर आत शिरले. पहिली पट्टी ओलांडली, दुसरीखालून वाकून गेले. तिसऱ्या रांगेत सदरा खिळ्याला अडकला. तो सोडवताना चष्मा नाकावर घसरला, आणि चष्मा सावरायला हात वर नेला तर कोपर दोन बल्ल्यांच्या मध्ये बसलं. एक पाय पट्टीच्या अलीकडे, एक पलीकडे.

थोडा वेळ आतून नुसतीच खुडबुड ऐकू आली.

"नाना..."

"बोला."

"मी अडकलोय."

"दिसतंय की."

नाना उंबऱ्यावर बसले आणि सावकाश तंबाखू मळू लागले. घाई कसलीच नव्हती.

"डाक्टर, परवा वर काँक्रीटची पाटीमागनं पाटी पडंल. वर धा माणसं नाचतील. त्या दणक्यानं हितं एखादी पाचर ढिली झाली, तर ती ठोकायला आत जायचं कुनी आन कुठनं?"

डॉक्टरांनी आधी अडकलेल्या कोपराकडे पाहिलं, मग दाराकडे.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि परीक्षेत त्यांनीही कुणाला घातला नव्हता. काढलेल्या प्रत्येक नकाशात दोन बल्ल्यांमधलं अंतर त्यांनी लिहिलं होतं. त्या अंतरात माणूस कधी काढला नव्हता.

नाना उठले. दारालगतच्या बल्लीच्या बुडाशी बसले आणि पाचरीवर हातोडी मारली.

"नाना, काढू नका. मी आत आहे."

"म्हनूनच काडतोय."

पाचर निघाली, आडव्या पट्ट्या सुटल्या, बल्ली निघाली. डॉक्टरांनी मान खांद्यात ओढून डोळे मिटले...

वरची फळी हलली नाही.

नानांनी दुसरी काढली. मग एक सोडून तिसरी. आतून डॉक्टरांचा आवाज येऊ लागला. त्यांना न राहवून ते हिशेब पुटपुटत होते. आधी एका बल्लीवर सिमेंटच्या अडीच पोत्यांइतकं वजन येणार होतं. आता पाच. याच हिशेबाने उभ्या-आडव्या दोन्ही रांगांत एकाआड एक काढल्या तर दहा.

"आन पेलंल किती?" नानांनी काम न थांबवता विचारलं.

"चाळीस."

"कुनी सांगितलं?"



"मीच सांगायचो, नाना. वर्गात."

नाना हसले नाहीत. आणखी दोन पट्ट्या सोडवून ते डॉक्टरांपर्यंत पोचले. आधी त्यांचा सदरा खिळ्यावरून काढला, मग चष्मा नीट बसवला. डॉक्टर बाहेर यायला वळले, तर नानांनी त्यांच्या हातात हातोडी दिली.

"आता तुमी."

पहिला घाव बल्लीवर बसला. दुसरा जमिनीवर. तिसऱ्याला पाचर सुटली आणि डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटले. चौथ्या बल्लीला त्यांनी एकच डोळा मिटला. सातव्या-आठव्या बल्लीपासून दोन्ही उघडे होते.

जेवणवेळेपर्यंत दोघे म्हातारे तेच करत राहिले. नाना पट्ट्या नव्या अंतराने ठोकून घेत होते, जायला-यायला वाट ठेवून. एका बल्लीपाशी मात्र त्यांनी डॉक्टरांचं मनगट धरलं.

"हिला ऱ्हाऊ द्या."

"हिशेबाने ही निघते."

"वर बघा."

वर दोन फळ्यांचा जोड होता. नकाशात जोड दाखवलेले नव्हते. डॉक्टरांनी त्या बल्लीची पाचर स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट केली.

बाहेर अडुसष्ट बल्ल्या पडल्या. आत एकतीस उरल्या. दुसरी खोली होऊन वर काही शिल्लक राहणार होत्या. डॉक्टरांनी मागणीचा कागद फाडला नाही, चार घड्या करून खिशात घातला. मग उंबऱ्यावर नानांशेजारी बसले.

"पहिल्यांदा माझा आकडा तीस आला होता, नाना."

"मग?"

"मग वाटलं, एखादी बल्ली आतून किडकी निघाली तर? म्हणून चाळीस केल्या. मग वाटलं, वर एकाच कोपऱ्यात सगळी माणसं जमली तर? साठ केल्या. पुढच्या एकोणचाळीस कशासाठी वाढवल्या, ते मलाही सांगता येणार नाही..."

नानांनी तंबाखूची चिमूट पुढे केली. डॉक्टर खात नसत. त्यांनी ती घेतली आणि तळहातावर तशीच धरून बसले.

खोलीतून आता पलीकडची भिंत दिसत होती. डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा पुन्हा उतरला.

"नाना, माझा स्वभाव तुम्ही ओळखता. मी आत्तापासूनच घाबरलोय. परवा स्लॅब ओतताना खाली लक्ष ठेवायला कुणी धीराचा माणूस उभा करा."

नानांनी मान हलवली.

"धीराचा नगं. तुमीच ऱ्हावा."