नाजुका का बसते?

"बसली! नाजुका पुन्हा बसली!"

आणि नाजुका बसली, की लखलखपूरच्या राजवाड्यात मिट्ट अंधार! नाजुका ही राजवाड्याची हत्तीण. तिनं मागच्या अंगणातलं भलंमोठं चाक फिरवायचं, चाकानं वीज करायची आणि विजेवर सारा राजवाडा चालायचा. पण रोज दिवेलागणीला तेजप्रताप महाराजांचा पंखा सुरू झाला रे झाला, की नाजुका एक लांबलचक उसासा टाकायची आणि बूड टेकायची!

घामानं निथळणारे महाराज तरातरा अंगणात आले. "माहूत तुळाजी! उद्या संध्याकाळी आमचा पंखा फिरला नाही, तर ही हत्तीण जाईल लाकडाच्या वखारीत, ओंडके ओढायला!"

"जोडीला दुसरा हत्ती मिळाला तर, महाराज..."

"मुळीच नाही! हिच्या एकटीच्या उसापायी आमचे मळे बोडके झाले!"

"मग थोडी यंत्रं बंद ठेवून..."

"एकही नाही! मुदपाकखान्यात वाटण वाटलं गेलं पाहिजे, प्रधानजींच्या अंगरख्याला इस्त्री झाली पाहिजे, राणीसाहेबांचा बंब तापला पाहिजे आणि आमचा पंखाही फिरला पाहिजे! बोल, कसं करतोस?"

तुळाजीच्या पाठीमागे त्याची मुलगी सगुणा लपून उभी होती. खुट्ट झालं तरी दचकणारी पोर ती. पण नाजुकाच्या सोंडेला धरूनच ती चालायला शिकलेली. वखारीचं नाव निघताच ती पुढे आली.

"मी करते!" ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

"तू?" प्रधानजी फिस्सकन हसले. "अगं, आमचे पंडित अजून हत्तिणीची कुंडलीच मांडताहेत!"

"उद्याच्या दिवसापुरतं सगळ्यांनी माझं ऐकायचं. का म्हणून विचारायचं नाही."

"कबूल!" महाराज गरजले.

सगुणाला कारण केव्हाच कळलं होतं. राजवाड्याचा रिवाज असा, की महाराजांच्या आधी कुणी खटका दाबायचा नाही. सगळे आपापल्या खटक्यावर बोट ठेवून ताटकळत बसायचे. महाराजांनी पंखा लावला, की तुतारी वाजायची आणि मग राजवाडाभर एकदम खटाखट, खटाखट! त्या आवाजानं सगुणा रोज दचकायची, आणि ती दचकली की लगेच नाजुका बसायची. अख्खा राजवाडा एकाच वेळी पाठीवर चढला, तर मीसुद्धा बसेन, असं सगुणाच्या मनात यायचं. पण रिवाज साक्षात महाराजांचा. सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मुदपाकखान्यात शिरली. "वाटण आत्ता वाटा."

"महाराजांच्या आधी?" आचाऱ्याच्या हातातला नारळच सुटला.

"महाराजांनी कबूल केलंय!"

वाटण झालं, खटका बंद. मग इस्त्री. "भर दुपारी?" प्रधानजी कुरकुरले. "संध्याकाळपर्यंत अंगरखा चुरगळेल ना!"

"मग बसू नका."

बिचारे प्रधानजी उभेच राहिले! इस्त्रीचा खटका बंद झाल्यावर बंबाची पाळी.

"आत्ता तापवून संध्याकाळी गार पाण्यानं न्हाऊ होय गं?" राणीसाहेब म्हणाल्या.

"बंबाला रजई पांघरा, राणीसाहेब. दोन पांघरा!"

संध्याकाळ झाली. सिंहासनावर बसून महाराजांनी खटका दाबला. तुतारी वाजली. सिंहासनासमोर तुळाजीबरोबर उभ्या सगुणानं डोळे गच्च मिटून घेतले...

पंखा गरगरला! दिवे लखलखले! आणि मागच्या अंगणात नाजुका ऊस चघळत चालतच राहिली!

महाराजांच्या मिशा वाऱ्यावर भुरभुरल्या. "वाहवा! पण काय हो प्रधानजी, तुम्ही असे खांबासारखे उभे का?"

"इस्त्री मोडेल, महाराज."

"इस्त्री झाली? आमच्या आधी?"

तेवढ्यात न्हाऊन, केसांतून वाफा काढत राणीसाहेब आल्या. महाराजांचे डोळे गरगरीत झाले. "म्हणजे सगळ्यांत शेवटी खटका दाबला, तो आम्ही? राजा शेवटी? कुणाची ही बिशाद!"

तुळाजीनं लोटांगणच घातलं. सगुणा मात्र पुढे झाली.

"महाराज, दरबारात आधी कोण येतं?"

"चोपदार."

"मग?"

"मग सरदार, मग प्रधान."

"आणि आपण?"

"आम्ही अर्थातच शेवटी! आमच्यासाठी वाट मोकळी नको का व्हायला?"

"तेच तर केलं, महाराज! वाटणयंत्र, इस्त्री, बंब, सगळे आपापला मुजरा करून बाजूला झाले, आणि मग आपला पंखा आला."

"हो, पण मग पंखा आधी फिरवून बंबाला का नाही थांबवलंस?"

"वाटण झाकून ठेवता येतं, महाराज. बंबाला रजई पांघरता येते. वारा कुठल्या डब्यात भरून ठेवू? आणि आपला घाम थांबेल का, सकाळी वारा घेतलाय म्हणून?"

महाराजांच्या पोटातून जे हसू उसळलं, ते आवरेचना! सिंहासन गदगदा हललं, राणीसाहेब हसल्या, आणि प्रधानजी हसता हसता खालीच बसले.

"माग पोरी, काय हवं?"

"नाजुकाच्या नावानं एक उसाचा मळा."

"दिला! आणि आजपासून राजवाड्यातला एकूण एक खटका तुझ्या हुकमात!" असं म्हणून महाराजांनी आपली पगडी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. ती घसरून थेट नाकावर आली.

"मोठी होते, महाराज."

"छे, छे! आमच्याच डोक्यावर ती इतके दिवस उगाच बसली होती!"