चिंबोरा आणि काथ्याचा दोर

फार जुन्या काळची गोष्ट आहे. मुलांनो, तुम्ही ऐकाच, पण मागे बसलेल्या मोठ्यांनीही कान इकडे द्यावेत, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

एका राज्याच्या टोकाला एक खाडी होती. अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव, आणि मधे ओहोटीला उघडा पडणारा लांबच लांब चिखल. भरतीच्या पाण्याला अशी ओढ की होडी टिकत नसे. वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. म्हणून माणसं ओहोटीला चिखलातूनच चालत जात.

वरून हा चिखल सगळीकडे सारखा दिसे. पण कुठे तो पायाखाली घट्ट असे आणि कुठे माणूस गिळायला बसलेला असे. दर उधाणाला जागा बदलत. काल जिथून वऱ्हाड वाजतगाजत गेलं, तिथे आज बैल रुतायचा. माणसाच्या डोळ्याला हे कळत नसे, कुत्र्याच्या पंजाला कळे. म्हणून त्या गावची रीत अशी होती, की वाटाड्याने कुत्र्याच्या गळ्यात काथ्याचा दोर बांधायचा, कुत्र्याने पुढे चालायचं, आणि बाकीच्यांनी एकामागे एक पावलावर पाऊल ठेवून जायचं. कुत्रं थांबलं की सगळ्यांनी थांबायचं. दोर सैल धरायचा, कधी ओढायचा नाही, हे वाटाड्याच्या घराण्यात बाप मुलाला सांगत आला होता.

आपल्या गोष्टीतल्या वाटाड्यालाही त्याच्या बापाने हे सांगितलं होतं. त्याची जुनी कुत्री इतकी जाणती होती की त्याला ते कधी आठवायची गरजच पडली नाही. ती म्हातारी होऊन मेली आणि मागे एक पिल्लू ठेवून गेली. पिल्लाच्या गळ्यात दोर पडला की ते खेकड्यासारखं तिरकं तिरकं चालायचं, म्हणून गावाने त्याचं नाव चिंबोरा ठेवलं.

चिंबोऱ्याला दोर मुळीच आवडला नाही. पहिल्या दिवशी ते पोटावर पसरलं आणि उठेचना. दुसऱ्या दिवशी त्याने दोराचं टोक चावून पिंजून ठेवलं. वाटाड्याने ओढलं की ते चारी पाय रोवून मान मागे टाकायचं.

वाटाड्याची बायको गावची सुईण होती. अवघडलेल्या जिवाला घाई करून चालत नाही, हे तिला कामाने शिकवलं होतं. तिने दोर पिल्लाच्या गळ्यात तसाच राहू दिला आणि त्याला अंगणभर हुंदडू दिलं. दोर मागे मागे फरफटत राहिला. मग टोक हातात घेऊन ती पुढे बसायची आणि पिल्लू आपणहून जवळ आलं की बोंबलाचा तुकडा द्यायची. थोड्याच दिवसांत चिंबोरा अंगणात तिच्यासोबत सुतासारखा सरळ चालू लागला.

वाटाड्याला मात्र एवढा धीर नव्हता, आणि त्यालाही कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक पलीकडच्या गावात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पोटुशीने खाडी ओलांडायची नाही अशी तिथली रीत, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरी होती. तिथे सुईण नव्हती. किनाऱ्यावर धूर केला की आई ओहोटीला निघेल, असं ठरलं होतं. तोवर कुत्रं तयार व्हायलाच हवं होतं.

तो चिंबोऱ्याला चिखलात नेऊ लागला. पिल्लू लहान, भित्रं. पाऊल जरा ओलं लागलं की थांबायचं. वाटाड्या काठी रोवून बघायचा, तर पुष्कळदा जमीन चांगली घट्ट निघायची. एकदा तर मागे गावचा मुखिया आणि त्याचे पाहुणे होते, आणि चिंबोरा भर खाडीत बसून राहिला. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, वाटाड्या, कुत्र्याला पाठुंगळी घे, म्हणजे आपण लवकर पोचू. सगळे हसले. वाटाड्याही हसला, पण त्याचे कान तापले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान एका पिल्लापायी चिखलात गेला असं त्याला वाटलं.

त्या दिवसापासून त्याने दोर आवळला. पिल्लू थांबलं की हिसका, बसलं की काठी. दिवसभर चालल्याशिवाय खायला नाही. बायको मधे पडली तर त्याने तिला गप्प केलं. शेजारी जाळी विणणारी एक म्हातारी राहायची. तिने त्याच्या बापाला याच कामात पाहिलं होतं. पिल्लाचं केकाटणं ऐकून ती कुंपणापाशी आली.

"लेका, भित्रं कुत्रं मोठं झालं की शहाणं होतं," ती म्हणाली. "मोडलेलं कुत्रं मोडलेलंच राहतं. थोडं थांब."

"तुझी लेक नाही पलीकडे," वाटाड्या म्हणाला. म्हातारी परत जाळ्यापाशी गेली.

आणि चिंबोरा शिकला. असा शिकला की बघणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. मान खाली, शेपूट पायांत, आणि चाल नाकासमोर. ना अडणं, ना वळणं. ते भांगाचे दिवस होते, पाण्याला जोर नव्हता, त्यामुळे चिखलातली वाट जागची हलली नव्हती. कुत्रं सरळ गेलं आणि माणसं सुखरूप पोचली. मुखियाने सगळ्यांदेखत वाटाड्याची पाठ थोपटली. आता तो धूर दिसायची वाट बघत निर्धास्त झाला. बायकोने मात्र पाहिलं होतं, की हल्ली बोंबलाचा तुकडा पुढे धरला तरी पिल्लू आधी नवऱ्याच्या हाताकडे बघतं. तिला ते बघवत नसे.

अमावस्येचं उधाण येऊन गेलं आणि त्याच संध्याकाळी, वेळेच्या आधीच, पलीकडून धूर उठला.

ओहोटी सरत आली होती. गावकरी म्हणाले सकाळी जा, पण पहिलटकरणीच्या कळा सकाळची वाट बघत नसतात. बायकोने मऊ धडप्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं, वाटाड्याने दोर घेतला, आणि ती दोघं निघाली. धूर समोर दिसत होता. वाटाड्या झपझप चालत होता आणि दोर ताणलेला होता.

खाडीच्या मध्याला, नेहमीच्याच वाटेवर, चिंबोऱ्याचं पुढचं पाऊल उचललेलं तसंच राहिलं. एवढंसंच. वाटाड्याच्या हाताने विचार न करता हिसका दिला. पिल्लाने एकदा वळून त्याच्याकडे बघितलं आणि पाऊल पुढे टाकलं.

पिल्लू हलकं होतं, ते वरच्यावर पुढच्या घट्ट जागेवर गेलं. वाटाड्याच्या पायाखालचा चिखल मात्र सुटला. तो मांड्यांपर्यंत रुतला, कमरेपर्यंत रुतला. त्याने बायकोला मागे हो म्हणून सांगितलं, पण ती ऐकणारी नव्हती. तिने गाठोडं चिखलावर टाकलं, त्यावर गुडघे टेकले आणि त्याला काखेत धरून ओढलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे जीव ओढून बाहेर काढले होते. तोही निघाला. पण निघताना त्याने सगळा भार तिच्यावर टाकला, आणि तो पिल्लापाशी घट्ट जागेवर सरपटत पोचला तेव्हा गाठोड्यासकट ती खाली गेली होती.

त्याने दोर कुत्र्याच्या गळ्यातून सोडवून तिच्याकडे फेकला. ती धरून राहिली, तो ओढत राहिला. आयुष्यात एकदाच दोर ओढायची वेळ होती आणि तेव्हा ओढून काही होत नव्हतं. चिखल छातीपाशी आला होता आणि मागून भरतीचं पाणी आलं. वाटाड्या रडत रडत पिल्लाला शिव्या घालू लागला, काठी शोधू लागला.

"त्याला मारू नका हो," ती म्हणाली. "ते थांबलं होतं."

मग ती म्हणाली, लेकीकडे जा. पाणी वाढलं आणि हातातला दोर सैल झाला.

वाटाड्या कसा पोचला ते त्याला कळलं नाही. लेक दारात आईची वाट बघत कण्हत होती, आणि दारात आला तो चिखलाने माखलेला एकटा बाप. शेजारणींनी जमेल तसं केलं. लेक वाचली. बाळ वाचलं नाही. सुईण असती तर वाचलं असतं, असं तिथे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ते माहीत होतं, आणि वाटाड्याला सगळ्यांत जास्त.

त्यानंतर त्याच्यामागे खाडी ओलांडायला कुणी आलं नाही. लोक दिवस मोडून वळसा घालू लागले. वाटाड्या मात्र रोज ओहोटीला चिंबोऱ्याला घेऊन चिखलाच्या कडेशी जायचा. दोर अगदी सैल धरायचा. पुढे मऊ जागा आहे हे त्याने आधी काठी रोवून बघितलेलं असायचं, आणि तो मनातल्या मनात विनवायचा, थांब बाबा, एकदा तरी थांब. कुत्रं त्याच्या हाताकडे बघायचं आणि मान खाली घालून मऊ जागेत पाऊल टाकायचं. वाटाड्या त्याला उचलून मागे घ्यायचा आणि पुन्हा उभं करायचा. कुत्रं म्हातारं झालं, वाटाड्याही झाला. ते कधीच थांबलं नाही.

तात्पर्य: ज्याचं अडणं आपण मारून मोडतो, तो आपल्याला संकटातही अडवत नाही.