प्रेक्षक चालले वाघोटीला

“दगडी मैदान बांधून द्या, नाहीतर माझे बारा पैलवान घेऊन मी चाललो वाघोटीला!”

अंबरराव इनामदारांनी भर दरबारात असं सुनावलं आणि टेंभुरगडच्या रणधवल महाराजांच्या तोंडचं पाणीच पळालं. महाराजांना कुस्तीचं वेड असं, की राणीसाहेब तापानं फणफणल्या तरी हे आधी विचारणार, “आज चीत कोण झालं?” आणि आता शेजारच्या वाघोटीनं पैलवान पळवायचे? छे छे!

“वाघोटीकर देतायत तरी काय?”

“दगडी पायऱ्या, वर छत, आणि मला बसायला गादी-तक्क्यांचा सज्जा. माझा जीव टेंभुरगडातच आहे हो महाराज! पण धंद्यात जीव मध्ये आणून चालत नाही.”

“दगड ना? तळ्याच्या बांधासाठी घडवून ठेवलेत, ते घ्या!”

झालं! अहो, तो बांध फुटून दोन वर्षं झाली होती. चैत्र लागला की तळं कोरडं ठणठणीत, आणि बायाबापड्या दीड कोसावरून घागरी वाहणार. अख्ख्या गावाचे डोळे त्या दगडांकडे लागले होते. पण राजाला बोलणार कोण?

बोलली भिवरा. मैदानाच्या दाराशी शेंगा-फुटाणे भाजून विकणारी ही भडभुंजीण, जीभ भट्टीपेक्षा गरम. महाराजांचे फुटाणे घेऊन ती दरबारात आली होती.

“महाराज, पैलवान त्यांचे, गल्ला त्यांचा, आणि दगड तेवढे आमचे? हे बरं आहे, आयत्या बिळावर नागोबा!”

महाराज एक नंबरचे हट्टी. ते लालबुंद होऊन म्हणाले, “फार शहाणी ना तू? मग ऐक! पैलवान इथंच राहिले पाहिजेत. एक दगड द्यायचा नाही. जोरजबरदस्ती करायची नाही. वर ‘मला नवं मैदान नको’ हे इनामदारांनी आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे! येत्या जंगी कुस्त्यांपर्यंत मुदत. नाही जमलं, तर नव्या मैदानाचा पहिला दगड तुझ्या भट्टीच्या जागी बसेल!”

“जमेल!” भिवरा बोलून गेली, आणि घरी येऊन कपाळाला हात लावून बसली. भट्टी गेली तर खायचं काय, माती? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठली, फुटाण्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि तडक वाघोटीच्या बाजाराला गेली. संध्याकाळी परतली ती खुदुखुदु हसतच. मग दोन दिवस घरोघर फिरून बायाबापड्यांच्या कानाशी लागत राहिली.

कुस्त्यांचा दिवस उजाडला. हलगी कडाडली. पैलवान तांबड्या मातीत उतरले. महाराज आसनावर बसले आणि बघतात तर काय, मैदानात चिटपाखरू नाही!

अंबररावांचा हुकमी पैलवान मानाजी. त्यानं धोबीपछाड टाकून गडी चीत केला, उठून दंड थोपटले आणि चारी दिशांना पाहिलं. ना शिट्टी, ना आरोळी. तो बिचारा कावराबावरा होऊन म्हणाला, “मालक, मी जिंकलो का हो?”

अंबरराव धावत वेशीवर गेले, मागोमाग महाराज. तिथं सगळं गाव बोचकी डोक्यावर घेऊन, शेळ्या हाकत वाघोटीच्या वाटेला लागलेलं! सगळ्यांत पुढं भिवरा.

“अगं ए! निघालात कुठं?”

“वाघोटीला, इनामदारसाहेब. तिथं प्रेक्षकांना सावली आहे, बसायला पायरी आहे, वर थंडगार ताक. आमचा जीव टेंभुरगडातच आहे हो! पण कुस्ती बघण्यात जीव मध्ये आणून चालत नाही.”

गर्दी खो-खो हसली. इनामदार तडकले, “मग मीही माझे पैलवान घेऊन तिकडंच येतो!”

“या की! पण तिथं आम्ही वाघोटीचे प्रेक्षक. शिट्ट्या मारू त्या वाघोटीच्या पैलवानांना. तुमचा मानाजी उतरला की हुर्यो!”

“हुर्यो?” मानाजीचा चेहरा एवढासा झाला. “मालक, मी नाही येणार हं!”

इनामदारांना घाम फुटला. “बरं बाई, थांबायचं काय घेशील?”

“आम्हाला दगडी पायऱ्या बांधून द्या. तुमच्या खर्चानं. वर छत हवं, आणि ताकाचा रांजण.”

“माझ्या खर्चानं? वेड लागलंय का तुला? एवढा दगड मी आणू कुठून? आणि जुन्या मैदानाला काय धाड भरलीय? तीन पिढ्या लोक मजेत कुस्त्या बघतायत! कशाला हवं नवं मैदान? मला नको!”

“काय म्हणालात?”

“नको! नवं मैदान मला नको, नको, नको!”

भिवरा महाराजांकडे वळली. “ऐकलंत ना, महाराज?”

महाराज हसू दाबत म्हणाले, “ऐकलं. पण काय गं, वाघोटीकरांनी तुम्हाला खरंच बोलावलं होतं?”

“जितकं इनामदारांना बोलावलं होतं, तितकंच आम्हाला! मी बाजारात तिथल्या राजाच्या कारभाऱ्यालाच विचारून आले. तो म्हणतो, ‘कोण अंबरराव?’”

इनामदार काहीतरी हरवल्यासारखं जमिनीकडे पाहू लागले. आणि महाराज हसले, असे हसले की पगडी सुटून गळ्यात आली!

“तुझी भट्टी वंशपरंपरा तुझीच! आता बक्षीस काय हवं ते माग.”

“दगड बांधावर पोचवा, महाराज. आजच.”

“आज? एवढे हमाल आणू कुठून?”

भिवरानं बारा पैलवानांकडं बोट दाखवलं. “हे रोज घागरभर दूध पितात ना? उचलू द्या की! प्रेक्षक काय, आम्ही आहोतच!”

मानाजीनं सगळ्यांत मोठा धोंडा खांद्यावर घेतला, तसं सारं गाव शिट्ट्या मारत उठलं. आणि सगळ्यांत मोठी शिट्टी वाजवली ती महाराजांनीच!