मी येईपर्यंत

“...मग पोरं कुठं आहेत आत्ता?” सुभेदार मास्तरांनी विचारलं.

“मैदानावर, सर. उभी आहेत.”

“कुणापाशी?”

“कुणापाशीच नाही. तीच तर गंमत आहे.” दयानंद फडतरे हसला. “मी येईपर्यंत हलायचं नाही, एवढंच सांगून आलोय. एक पोरगं हलायचं नाही. तुम्ही या आणि आपल्या डोळ्यांनी बघा.”

मास्तर अंगणात सूप घेऊन शेंगा निवडत बसले होते, ते निवडतच राहिले.

दयानंद म्हणजे माळवाडीच्या हायस्कूलचा पीटीचा सर. सोमवारपासून मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसायचा होता. मैदान सोडणार नव्हताच. दोन्ही सांभाळणार होता. आणि हे दोन्ही सांभाळणं गावात आजवर एकाच माणसाला जमलेलं... सुभेदार धोंडिराम नलवडे.

फौजेतून आले, ते पीटीचे मास्तर झाले, मग सुपरवायझर, मग हेडमास्तर. सकाळी मैदानात शिट्टी, दुपारी ऑफिसात सह्या. लोक त्यांना सुभेदार मास्तर म्हणत आणि शाळेवरून जाताना चपला वाजणार नाहीत अशा बेताने चालत.

असा माणूस निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवून घरी आला, तो परत शाळेच्या फाटकात शिरला नाही. झेंडावंदनाला बोलावलं, नाही. स्नेहसंमेलनाला बोलावलं, नाही. गावाने आपापल्या परीने कारणं काढली. कुणी म्हणे गर्व आहे. कुणी म्हणे संस्थेशी वाजलं. शेजारणींनी मास्तरांच्या बायकोला, अनसूयाकाकूंना, खोदून खोदून विचारलं, पण त्या माउलीलाच ठाऊक नव्हतं. नाहीतर एव्हाना गावाला कळलं असतं.

दयानंदला मात्र कारणाशी देणंघेणं नव्हतं. त्याला मास्तरांच्या तोंडून एक शब्द हवा होता. शाब्बास.

खुर्चीत बसण्याआधी हवा होता. त्यासाठीच तो आला होता.

तो आठवीत होता तेव्हाची गोष्ट. झेंडावंदनाची तयारी चाललेली. मास्तरांनी वर्ग सावधानमध्ये उभा केला, “मी येईपर्यंत हलायचं नाही,” म्हणाले आणि ऑफिसात गेले. दयाचा पाय नेमका लाल मुंग्यांच्या वारुळावर. मुंग्या घोट्यावर चढल्या, पोटरीवर चढल्या. पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण गडी जागचा हलला नाही.

मास्तर बाहेर आले. त्याच्यासमोर थांबले. सुजलेल्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं...

आणि मान फिरवून चालू लागले.

घरी आईने पायाला हळद लावली. पण दयाला पायाचं काही नव्हतं. आपलं कुठं चुकलं, हेच त्याला कळेना. बहुतेक पापणी हलली असेल, असं त्याने शेवटी मनाशी धरलं. पुढे तो धावला, तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, बी. पी. एड. झाला, याच शाळेत चिकटला. त्याच्या हाताखालच्या पोरांनी आणलेल्या ढालींनी शाळेचं कपाट भरलं. पण त्या पुसताना त्याला दर वेळी वाटायचं, अजून एक यायची आहे.

अनसूयाकाकू ताकाचा पेला घेऊन बाहेर आल्या.

“आरं दया, ऊन कसलं पडलंय बघितलंस का? आन् लोकांची लेकरं तिकडं वाळत घालून तू हितं ताक पितोस व्हय?”

“सवय लागते, काकू. सरांनी आम्हालाही असंच घडवलं.”

“घडवलं का काय केलं, ते तुझ्या बायकोला विचार. भाजीत मीठ नसलं तरी तसंच गिळतोस म्हणं. परवा नळावर सांगत हुती.”

दयानंद ओशाळला. ताक मात्र मुकाट्याने संपवलं.

मास्तरांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात देऊन उठले. पंचा खांद्यावर टाकला आणि चपलांत पाय घातले.

“आता कुठं निघालाय?” काकूंनी विचारलं.

“शाळेत.”

काकू पेला हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

दयानंदच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गल्लीतून जाताना त्याची मान अशी ताठ, की जसा काही देव्हाऱ्यातला देव घेऊन चाललाय. दारादारांतून बायका डोकावल्या. एका म्हाताऱ्याने ओट्यावरून उठून रामराम घातला. मास्तरांचं लक्ष नव्हतं.

“पाणी प्यायलीत का पोरं?”

“सुटल्यावर पितील, सर.”

गल्ली मागे पडली.

“बर्फातल्या एका चौकीवर होतो मी,” मास्तर म्हणाले. “माझ्या हाताखाली एक पोरगा होता. शिराळ्याकडचा. मिसरूड नीट फुटलं नव्हतं.”

दयानंद कान देऊन ऐकू लागला. मास्तर फौजेचं कधी कुणाला सांगत नसत.

“त्याला पहाऱ्यावर उभा केला. म्हणालो, मी येईपर्यंत जागा सोडू नकोस. दहा हातांवर बंकर होता. आत शेगडी पेटलेली होती.”

“मग?”

“वारं सुटलं. मी खाली अडकलो. वर जायला वाटच राहिली नाही.”

“आणि तो?”

“परत गेलो, तेव्हा जागेवर होता.”

मास्तरांनी पंचा या खांद्यावरचा त्या खांद्यावर घेतला. “बंदूक सोडवायला दोन माणसं लागली.”

 दयानंदचे डोळे भरून आले होते. “शूर होता, सर.”

“हं... वरच्या साहेबांनीही तेच म्हटलं.”

 शाळेचं फाटक आलं. क्षणभर मास्तरांचा पाय अडला. मग ते आत शिरले.

मैदानात पोरं उभी होती. दोरी लावून आखाव्यात तशा रांगा. सदरे पाठीला चिकटलेले. ओठ सुकलेले. पलीकडे एवढा मोठा कडुनिंब, त्याची गर्द सावली पडलेली. हाकेच्या कशाला, हाताच्या अंतरावर. तिच्याकडे एकाचीही मान वळलेली नव्हती.

“बघा, सर,” दयानंद हळूच म्हणाला. देवळात बोलावं तसा.

मास्तर रांगांमध्ये शिरले.

“बाळांनो, बसा रे खाली.”

कुणी बसलं नाही.

“मी सांगतोय. बसा.”

पोरांच्या नजरा मास्तरांच्या तोंडावर आल्या. तिथून घसरून दयानंदवर गेल्या आणि तिथेच थांबल्या. दयानंद बोलला नाही. त्याच्या मनात आलं, आता तरी... आता तरी म्हणतील.

तिसऱ्या रांगेत एका पोराचा घोळणा फुटला होता. रक्त ओठावरून हनुवटीवर, हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर. हात मांड्यांना चिकटलेले, ते तसेच चिकटलेले.

मास्तरांनी पंच्याच्या टोकाने त्याचं नाक पुसलं.

पोरगं हललं नाही.

परत रक्त आलं. मास्तरांनी परत पुसलं. मग ते सरकून अशा बेताने उभे राहिले, की आपली सावली त्याच्या तोंडावर पडावी. मास्तर आडमाप उंच. तेवढं पोर सावलीत आलं. बाकीची होती तिथे होती.

दयानंद जवळ आला. शाब्बासकी काही येत नव्हती. 

“सर... काही चुकतंय का माझं?”

मास्तरांनी पंच्याचं दुसरं टोक पोराच्या नाकाला लावलं.

“त्या दिवशीही तुम्ही असेच गप्प होता. माझ्या पायावर मुंग्या चढल्या होत्या. तुमच्या लक्षात नसेल.”

“आहे.”

“मी हललो नव्हतो, सर.”

“नव्हतास. दिसत होतं मला.”

“तुम्ही तर ऑफिसात होता.”

“खिडकीशी होतो. दर वर्षी पोरं उभी करायचो आणि आत जाऊन त्या खिडकीशी उभा राहायचो.”

दयानंदने ऑफिसच्या खिडकीकडे बघितलं. सोमवारपासून ती त्याची होणार होती.

“आमच्यावर लक्ष ठेवायला?”

“नाही. वाट बघायला.”

“कशाची, सर?”

मास्तरांनी पोराची हनुवटी वर केली. पंचा नाकाला दाबून धरला.

“कुणीतरी हलेल म्हणून.”

...

कुठेतरी वर्गात बाक सरकल्याचा आवाज आला. दयानंदला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, नीटच ऐकलं.

“वारूळ तुमच्या लक्षात आलं होतं?” त्याने विचारलं. त्याचा आवाज आठवीतल्या पोरासारखा झाला होता.

“आलं होतं. म्हटलं, आता तरी एखादा पळेल. मुंग्या चावल्यावर कुत्रंसुद्धा पळतं.” मास्तर थांबले. “तू माझ्याकडे बघितलंस. डोळ्यांत पाणी, आणि मान ताठ. त्याचीही अशीच होती... वरती.”

“सर...”

“नोकरी संपेपर्यंत बघितलं. पीटीचा मास्तर होतो तेव्हा बघितलं, हेडमास्तर झालो तेव्हा बघितलं. दर वर्षी नवी पोरं. एक नाही हललं.”

दयानंदला काहीतरी बोलायचं होतं. आपल्या ढाली, आपली पोरं, आपली शिस्त, गावभर झालेलं आपलं नाव... सगळं ओठांपर्यंत आलं आणि ओठांवरच राहिलं. समोर ते पोरगं नाकाला पंचा लावून उभं होतं आणि अजूनही त्याच्याकडेच बघत होतं. मास्तरांकडे नाही. त्याच्याकडे.

“विश्राम,” दयानंद म्हणाला.

सगळे पाय एकदम सरकले. एकच आवाज झाला.

“जा... सावलीत जाऊन बसा.”

पहिली रांग वळली, गेली. मग दुसरी. मग तिसरी. धक्का नाही, बुक्की नाही, हसणं नाही. झाडाखाली जाऊन पोरं रांगेतच बसली. सावली होती गोल आणि रांगा होत्या सरळ. त्यामुळे मागच्या दोन रांगा उन्हातच राहिल्या. पुढे सरकायला जागा होती. कुणी सरकलं नाही.

घोळणा फुटलेल्या पोराने पंचा नीट घडी घालून मास्तरांना परत दिला. मग आपल्या बाहीने नाक पुसलं आणि तेही जाऊन आपल्या जागी बसलं. त्याची जागा उन्हात होती.

दयानंद त्या मागच्या रांगांकडे बघत राहिला. त्यांना पुढे सरका म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. तोंड उघडलं... आणि परत मिटलं. किती तरी वेळ तो तसाच उभा होता.

मास्तर फाटकाच्या दिशेने निघाले होते.

“सर,” त्याने मागून हाक मारली. त्याला राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचा राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. “एकदा तरी सांगायचं होतंत. हला म्हणून. तुमच्या एका शब्दानं हललो असतो आम्ही.”

मास्तर थांबले. मागे वळले नाहीत.

“हो, दया...” ते म्हणाले. “एका शब्दानं हलला असतात सगळे.”