झुबकी खारीची भरलेली ढोली

पाखरं चोचीने पानांवर बातम्या कोरायची, त्या काळची ही गोष्ट. झुबकी नावाची खार बातम्यांसाठी दिवसभर झाडोझाड पळायची. दमून तिनेच एक तोड काढली आणि शेजारच्या पाखरांना सांगितलं, "ज्याची जी बातमी असेल, ती माझ्या ढोलीत टाका. मी घरी बसून वाचीन."

चार दिवस मजेत गेले. मग तिने बुलबुलालाही तेच सांगितलं, सुतारपक्ष्याला सांगितलं, पार पलीकडच्या डोंगरावरच्या मोरालाही सांगितलं. ढोली गच्च भरली. कुठे उंबरं पिकली, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं येऊन पडायचं. झुबकी वाचून वाचून शिणली, पण तिला एकही पान टाकून देववेना. शेवटी घरात जागाच उरली नाही, तेव्हा पिल्लांना घेऊन ती उघड्या फांदीवर राहू लागली.

खालच्या माळावरच्या टिटवीने हे पाहिलं. "झुबके, लोटून दे की तो पाचोळा!"

"आणि त्यात सापाची बातमी असली तर? टिटवीताई, माझी पिल्लं लहान आहेत गं."

टिटवीला हसू आवरेना. "अगं, साप आला तर मी पान कोरत बसेन होय? ओरडून रान डोक्यावर घेईन!"

झुबकी तडक ढोलीकडे धावली. मग तिने वाचलेली, न वाचलेली सगळी पानं बाहेर लोटली. वाऱ्याने ती कुठल्या कुठे नेली.

दुपारी पिल्लं ढोलीत पसरून झोपली. झुबकीने दारात बसून माळाकडे कान लावला. टिटवी गप्प होती. झुबकीचाही डोळा लागला.