बिनआवाजाचं मशीन

“...तर मग आता माझं शिकायचं राहिलं काय, अप्पा?”

सुकुमारने हा प्रश्न त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला होता.

अप्पा मगदूम एका मदरबोर्डवरची धूळ ब्रशने झटकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

जयसिंगपुरात अप्पांचं दुकान चाळीस वर्षांचं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. दुकान तेच, टेबल तेच, टेबलावरचा माल तेवढा बदलत गेला. सुकुमार चौगुले त्यांच्या हाताखाली चार वर्षं होता. पोराच्या हातात कसब होतं. फक्त ते कुणी त्याला सांगायची गरज पडत नव्हती, त्याचं त्यालाच पुरेपूर ठाऊक होतं.

स्टेशन रोडला त्याने गाळा घेतला होता. पाटीही रंगवून तयार होती. पण ती अप्पांच्या हातून लागायला हवी, अप्पांनी नारळ फोडायला हवा, त्याशिवाय शटर वर करायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं होतं. गर्विष्ठ होता, पण कृतघ्न नव्हता.

आणि अप्पा काही येतो म्हणत नव्हते.

“हेरवाडे बाईंचं मशीन दिलंस?” अप्पांनी विचारलं.

“काल पोचवलं. आता विमान आहे ते.”

“आठ दिवस बाईंच्या घरी चालू दे. मग येतो पाटी लावायला.”

सुकुमार हसला. त्याच्या मते ते मशीन आठ वर्षं हलणार नव्हतं.

हेरवाडे बाई म्हणजे गावातल्या जुन्या टायपिंग क्लासच्या बाई. निम्म्या गावाने त्यांच्याकडे बोटं वळवून घेतलेली. अप्पाही त्यांचे विद्यार्थी, आणि त्यांच्या मते अत्यंत रद्दी विद्यार्थी. बाईंचं वय आता अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळे गेलेले, उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बेळगावला त्यांची धाकटी बहीण सुमी असते, तिला गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही.

एकीला दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. मग फोनचा उपयोग काय?

म्हणून बाई रोज सकाळी कॉम्प्युटरवर बहिणीला पत्र टाइप करत. बहीण ते वाचून उत्तर लिही. ते उत्तर बाईंना मशीन मोठ्याने वाचून दाखवी. दोघींच्या मधला धागा एवढाच होता, आणि तो बारा वर्षांच्या जुन्या मशीनमधून जात होता.

ते मशीन चालू व्हायला चार मिनिटं घेई. मध्येच अडके. एकदा पत्र अर्ध्यावर असताना बंद पडलं, तेव्हा बाईंनी अप्पांना निरोप धाडला. अप्पांनी काम सुकुमारला दिलं.

सुकुमारने जीव ओतून काम केलं, हे मान्य करायला हवं. खडखडणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. रॅम वाढवली. पॉवर सप्लाय नवा. प्रोसेसरवरचा पंखा नवा, आणि कॅबिनेटच्या मागचा तो घरघरणारा पंखा काढून तिथे अगदी बिनआवाजाचा बसवला. चार मिनिटांची पंधरा सेकंदं झाली. झाकणाला कान लावला तरी मशीन चालू आहे की बंद ते कळत नव्हतं. कुणी दुकानात आलं की तो त्यालाही कान लावायला सांगत होता.

तिसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला. मशीन चालूच होत नाही.

सुकुमार गेला. बटण दाबलं. चालू झालं. बाईंना म्हणाला, झालं बघा. बाई म्हणाल्या, आता झालं खरं, पण मघाशी होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी तो मशीन दुकानात घेऊन आला, सगळं उघडलं, रॅमच्या पट्ट्यांना खोडरबर घासून परत बसवल्या, दिवसभर चालू-बंद करून पाहिलं. एकदाही अडलं नाही. पुन्हा पोचवलं. पुन्हा निरोप आला.

तिसऱ्या खेपेला त्याने तो नवा पॉवर सप्लायही काढून दुसरा घातला. तरी पुन्हा निरोप, आणि मशीन पुन्हा दुकानात.

“दोष मशीनमध्ये नाही अप्पा,” तो म्हणाला. “दोष बाईंच्यात आहे. वय झालं आता. बटण नीट दाबत नसतील.”

“हे तू बाईंना सांगितलंस?”

सुकुमार टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागला. म्हणजे सांगितलं होतं.

अप्पांनी ब्रश खाली ठेवला. त्यांना राग आला होता, पण तो त्यांनी गिळला.

“त्यांच्या घरी प्रत्येक वेळी मशीन चालू कुणी केलं?”

“मीच. दुसरं कोण करणार? चालू करून दाखवलं, बंद केलं, आलो.”

“हं...”

त्या दिवशी दुपारी अप्पा स्वतः निघाले. सुकुमारने मशीन गाडीवर पुढे ठेवलं, मागे अप्पा बसले. वाटेत सुकुमार अकरा दिवसांत काय काय तपासलं ते सांगत होता. अप्पा ऐकत होते की झोपले होते, देव जाणे.

बाईंनी दार उघडलं आणि आवाजावरून ओळखलं.

“मगदूम का? अजून दोनच बोटांनी टाइप करतोस?”

“एकाच,” अप्पा म्हणाले.

बाई हसल्या. मग सुकुमारची चाहूल लागली तशा हसायच्या थांबल्या. अकरा दिवस झाले, म्हणाल्या, सुमीला पत्र नाही. शेजारच्या मुलाकडून तिला निरोप पाठवावा म्हटलं, तर तो सुट्टीला गेलाय. तिला वाटत असेल मी रागावले, नाहीतर गेले.

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

सुकुमारने पटापट वायरी जोडल्या. हात बटणाकडे नेला.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“बाई, आधी चहा टाका की.”

सुकुमारला वाटलं, अप्पा आता खरंच म्हातारे झाले. समोर काम पडलंय आणि यांना चहा हवा. पण बाईंना बरं वाटलं. त्या हाताच्या अंदाजाने स्वयंपाकघरात गेल्या. कप, साखर, गाळणी, सगळं त्यांना न चाचपडता सापडत होतं. गॅस पेटला तेव्हा त्यांनी कान जरा कलता केला, आवाजावरून आच कमी केली. दूध वर यायला लागलं, तेव्हा ते उतू जायच्या आधीच हात बटणावर गेला.

अप्पा दारातून हे सगळं बघत होते. बराच वेळ बघत होते.

चहा झाला. अप्पांनी कप खाली ठेवला.

“बाई, आता तुम्ही रोजच्यासारखं मशीन चालू करा. आम्ही इथं नाहीच असं समजा.”

बाई खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला. डावा तळवा कॅबिनेटवर अलगद ठेवला, उजव्या हाताच्या बोटाने बटण शोधलं आणि दाबलं.

समोर हिरवा दिवा लागला.

बाई थांबल्या. मान किंचित झुकवली. तळवा तसाच.

एक... दोन... तीन...

त्यांनी बटण पुन्हा दाबलं. दिवा विझला.

“बघ,” त्या म्हणाल्या. “नाही होत.”

“अहो बाई, ते...” सुकुमार पुढे झाला.

अप्पांनी त्याला हाताने थांबवलं. खिशातून रुमाल काढला, झटकला, आणि त्याच्या डोळ्यांवर बांधला. गाठ चांगली घट्ट मारली. मग त्याला खांद्याला धरून बाईंच्या खुर्चीवर बसवलं.

“कर चालू.”

सुकुमारने बटण चाचपलं. दाबलं.

काहीच झालं नाही.

म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. त्याने झाकणावर हात ठेवला, ते गार आणि स्थिर होतं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. त्याने स्वतःच निवडलेला, स्वतःच बसवलेला तो पंखा, ज्याच्या गप्पपणाचं त्याने आठवडाभर कौतुक करून घेतलं होतं, तो कुठेतरी फिरत होता की नव्हता...

त्याचं बोट आपोआप पुन्हा बटण दाबायला गेलं.

आणि तिथेच थांबलं.

रुमाल त्याने स्वतः सोडला नाही. अप्पांनीच सोडला, तेव्हा तो थोडा ओला होता.

“बाई,” सुकुमार म्हणाला, “बोट तुमचं चुकलं नव्हतं.”

“ते मला माहीत होतं रे,” बाई म्हणाल्या. “पुढचं बोल.”

अप्पांच्या दुकानात काढलेला जुना माल महिनाभर नावाच्या चिठ्ठीसह खोक्यात ठेवतात. सुकुमार गाडी काढून गेला आणि बाईंच्या नावाचं खोकं घेऊन दहा मिनिटांत परत आला. कॅबिनेट उघडलं. आपला बिनआवाजाचा पंखा काढला. जुना, धुळीने काळा पडलेला पंखा फडक्याने पुसून त्या जागी बसवला, चारही स्क्रू आवळले.

“खडखडतो हा. तेल सोडू?” त्याने विचारलं.

“नको,” अप्पा म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं.

घर्रर्र...

तळव्याखालचं झाकण थरथरलं आणि बाईंचा चेहरा उजळला. त्या थांबल्या. पंधरा सेकंदांनी मशीन बोलायला लागलं तेव्हा त्या दचकल्याच. इतक्यात आलास, असं मशीनलाच म्हणाल्या.

अकरा दिवसांची पत्रं साठली होती. मशीनने त्याच्या त्या सपाट, कोरड्या आवाजात पहिलं वाचायला घेतलं.

“ताई, आज पण तुझं पत्र नाही. रागावलीस का. मी काही लागट लिहिलं असेल तर सोडून दे.”

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. मशीनला मध्येच थांबवलं आणि टाइप करायला लागल्या. दहाच्या दहा बोटं पळत होती, एकही अडखळत नव्हतं. खोलीत आणखी दोन माणसं आहेत हे त्या विसरून गेल्या.

दोघं पाय न वाजवता बाहेर आले. सुकुमारने दार ओढून घेतलं.

या वेळी गाडीवर कुणी बसलं नाही. सुकुमार ती हाताने ढकलत होता, अप्पा शेजारून चालत होते. गल्ली संपली, बाजार आला. अप्पांना आपला हा शिष्य त्या घडीला फार आवडत होता. अर्थात तसं सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

स्टेशन रोडचा फाटा आला तेव्हा त्यांनी विचारलं.

“पाटी लावायला उद्या किती वाजता येऊ?”

सुकुमार थांबला. गाडी स्टँडवर लावली.

“नको अप्पा. मशीन अजून आठ दिवस कुठे चाललंय?”

“किती वाजता?”

“अप्पा... मला अजून काही येत नाही. आणखी एक वर्ष तुमच्याकडे थांबतो.”

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवला.

“मलाही येत नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर रोज सकाळी दुकान उघडतो.”