सोपान आणि पंचायतीचा संगणक

हातणेवाडी नावाच्या गावात सोपान नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलं तेवढंच करायचा. कमी नाही, जास्त नाही. ग्रामपंचायतीत संगणक आला, तेव्हा वरून हुकूम आला की, सांगितलेलंच करणारा माणूस त्यावर बसवा. सगळ्या गावाने सोपानचं नाव दिलं.

संगणकाचं काही बिघडलं तर तालुक्याला दाभोळे साहेबांना फोन करायचा, असं ठरलं होतं.

सोमवारी दत्तू भोरड्यांची सुगंधा आली. तिला तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फक्त एक रहिवासी दाखला हवा होता, तोही छापील. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत तो कॉलेजात पोचला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

सोपानने संगणक लावला. स्क्रीनवर काळोख. त्याने फोन केला.

"साहेब, काही दिसत नाही."

"उजेड कमी असेल. वाढवा."

सोपानने खिडक्या उघडल्या. मग बॅटरी आणून स्क्रीनवर मारली. मग शिडी लावून छपरावर चढला आणि संगणकाच्या बरोबर वरची चार कौलं काढली. ऊन थेट स्क्रीनवर पडलं.

"साहेब, आता तर अजिबात दिसत नाही."

"अहो, खोलीतला नाही, स्क्रीनचा उजेड! खाली बटण आहे ते दाबा."

सोपानने दाबलं. स्क्रीन उजळली. तोवर कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती.

"असं आधी सांगायचं ना, साहेब," सोपान म्हणाला. त्याने वहीत लिहिलं : दिसेनासं झालं की खालचं बटण दाबायचं.

मंगळवारी सुगंधा आली. सोपान फडक्याने कीबोर्ड पुसत होता. कुठली तरी बटणं एकदम दाबली गेली आणि स्क्रीनवरचं सगळं उलटं झालं. डोकं खाली, पाय वर.

"काका, वाचता येत नाही हो!"

"थांब, पोरी." सोपानने वही पाहिली आणि खालचं बटण दाबलं. उजेड वाढला, अक्षरं उलटीच. दुपारपर्यंत तो दाबत राहिला. सुगंधाचे डोळे दिपले. शेवटी फोन केला.

"उलटं झालंय ना? मग फिरवा की! डिस्प्लेची सेटिंग..."

पुढचं ऐकायला सोपान थांबला नाही. त्याने अख्खा मॉनिटर उचलून उलटा केला. तो डोक्यावर उभा राहीना, म्हणून घरून बायकोची चुंबळ आणून खाली ठेवली.

"साहेब, झालं सरळ."

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

सोपानने लिहिलं : बरोबर दिसत नसेल तर मॉनिटर फिरवायचा. पण मग तो चुंबळीवर नीट टेकवताना वायर निसटली, ती शोधण्यात तोही दिवस गेला.

बुधवारी स्क्रीनवरची सगळी चित्रं नाहीशी झाली. नुसता निळा रंग. सोपानने वही काढली आणि मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काका, हे काय?"

"चित्रं मागे गेली असतील तर दिसतील."

सुगंधाने कपाळाला हात लावला आणि स्वतःच फोन जोडून दिला.

"शेल बिघडलंय, म्हणजे चित्रं दाखवणारा प्रोग्राम," साहेब म्हणाले. "मी सांगतो तशी एक काळी खिडकी उघडा. तिच्यात आज्ञा लिहायच्या. मी बोलेन ते जसंच्या तसं टाइप करा. एक अक्षर सोडायचं नाही!"

सोपान टाइप करू लागला. साहेब बोलत होते. सोपान वाचून दाखवत होता.

"'थांबा जरा, चहा आला. अरे, साखर कमी सांगितली होती ना तुला?' लिहिलं, साहेब. तो म्हणतो, ही आज्ञा समजली नाही. त्याला साखरेचं कळत नाही बहुतेक."

पलीकडे साहेबांना ठसका लागला. तोही सोपानने टाइप केला.

"फक्त आज्ञा लिहायची, सोपानराव! बाकी बोलणं सोडून द्यायचं!"

"असं आधी सांगायचं ना, साहेब." संध्याकाळपर्यंत चित्रं परत आली. सोपानने वहीत लिहिलं : आज्ञा तेवढी लिहायची.

गुरुवार उजाडला. शेवटचा दिवस. चारची एसटी चुकली तर सगळंच संपलं. संगणक मात्र शहाण्यासारखा वागत होता. दाखल्याचा अर्ज उघडला.

"माझं नाव सुगंधा दत्तू भोरडे. लिहा लवकर, काका!"

नाव ही काही आज्ञा नव्हे. सोपानने ते सोडलं. दाखला छापून आला : 'कुमारी लिहा लवकर या हातणेवाडीच्या रहिवासी आहेत.'

सुगंधा रडकुंडीला आली. सोपानने फोन केला.

"चुकीची नोंद पुसा," साहेब म्हणाले. "खात्री आहे का विचारेल. हो म्हणा."

'पुसा' असं लिहिलेलं जे पहिलं बटण दिसलं ते सोपानने दाबलं. संगणकाने विचारलं : 'गावच्या सर्व नोंदी पुसायच्या? खात्री आहे का?'

"हो," सोपान म्हणाला आणि बटण दाबलं. अकराशे बेचाळीस माणसं गेली. सोपानही त्यांत होता.

पावणेचार झाले होते. सुगंधाने डोळे पुसले.

"काका, मी आज्ञा करू?"

"कर की."

"नवी नोंद उघडा. नावाच्या जागी सुगंधा दत्तू भोरडे लिहा. छापा. शिक्का मारा. मला द्या."

सोपानने भराभर केलं. एकही चूक नाही. दाखला घेऊन पोरगी पळाली, एसटीच्या मागे धावली, चढली. पाचला पाच मिनिटं कमी असताना तिचा प्रवेश झाला.

सोमवारी सरपंच हौसाबाई टपाल बघायला आल्या.

"आपण कोण?" सोपानने स्क्रीनवर नाव शोधत विचारलं.

"अरे, शुद्धीवर आहेस ना? मी सरपंच! चार वर्षं ह्याच खुर्चीत बसतेय!"

सोपानने फोन केला. "साहेब, एक बाई म्हणतात मी इथली. स्क्रीनवर तर नाहीत."

"स्क्रीनवर असेल तोच गावचा माणूस," साहेब म्हणाले. "तोंडी कुणाचं ऐकायचं नाही."

सोपानने वहीत लिहिलं. मग स्क्रीन पाहिली. एकच नाव होतं. त्याने हौसाबाईंना हात धरून बाहेर आणलं, कचेरीला कुलूप लावलं आणि तालुक्याची एसटी पकडली.

नर्सिंग कॉलेजात तास चालू होता. दारात सोपान उभा. डोक्यावर सरपंचाची खुर्ची, एका हातात गोल शिक्का, दुसऱ्यात किल्ल्या. त्याने खुर्ची सुगंधापुढे मांडली आणि हात जोडले.

"बसा, सरपंचबाई. ग्रामसभा आत्ताच उरकून घेऊ. सगळं गाव हजर आहे."